हुकूम कोणी द्यायचा? : अग्निशमन अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा इतिहास

पेटलेली आग विझवणे आणि आग लागूच नये अशी तजवीज करणे ही दोन्ही कामे आज एकाच खात्याकडे असली, तरी त्यांना लागणारे ज्ञान, अधिकार आणि स्वभाव हे सारखे नाहीत. पहिल्या कामाला अग्निशमन म्हणतात आणि दुसऱ्याला अग्निप्रतिबंध. भारतीय परंपरेत यांपैकी प्रतिबंधाचा विचार अधिक तपशिलाने लिहून ठेवलेला आढळतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरिक नावाच्या अधिकाऱ्याची, म्हणजे नगराचा कारभार पाहणाऱ्या मुख्याची, कर्तव्ये सांगताना उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या वेळी चूल पेटवण्यास बंदी घातली आहे. प्रत्येक घरापाशी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडी आणि चामड्याची पखाल ठेवण्यास सांगितले आहे. गवताची छपरे काढून टाकावीत, अग्नीवर उपजीविका करणाऱ्या कारागिरांनी एका भागात राहावे आणि रस्त्यांवर, चौकांत व राजवाड्याजवळ पाण्याचे घडे रांगेने मांडून ठेवावेत, असेही नियम त्यात आहेत. आग लागलेली पाहूनही धावून न जाणाऱ्या घरमालकाला बारा पण (पण हे त्या काळचे नाणे) आणि भाडेकरूला सहा पण दंड, निष्काळजीपणाने आग लावणाऱ्याला चौपन्न पण दंड आणि हेतुपुरस्सर आग लावणाऱ्याला मृत्युदंड, अशी उतरंडही तेथे लावून दिली आहे. नागरिकाला अधिकार दिले, साधनांची यादी दिली, दंडाचे दर दिले; मात्र हे काम करणाऱ्याने ते शिकावे कोठे आणि कसे, याविषयी ते प्रकरण काही बोलत नाही. पुढच्या सुमारे दोन हजार वर्षांच्या इतिहासात अधिकार आणि शिक्षण यांची हीच फारकत निरनिराळ्या रूपांत दिसते, फक्त कधी एक बाजू लंगडी असते तर कधी दुसरी.

रोममध्ये सम्राट ऑगस्टसने इसवी सन ६ मध्ये आगीच्या पहाऱ्यासाठी सात तुकड्यांचे दल उभारले आणि त्यावर नेमलेल्या प्रमुखाला घरातील विस्तवाबाबत हयगय करणाऱ्या नागरिकांना शिक्षा करण्याचा अधिकार दिला, म्हणजे विझवणारा आणि बजावणारा हात एकच ठेवला. युरोपात पुढे ही परंपरा टिकली नाही. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विमा कंपन्यांनी आपापली अग्निशमन पथके बाळगली. कंपनीचे नुकसान टळावे एवढाच या पथकांचा हेतू असल्यामुळे ती आग विझवण्यात तरबेज झाली, पण कोणाच्या गुदामात काय भरले आहे हे विचारण्याचा हक्क त्यांना कोणी दिला नव्हता.

अग्निशमन हे शिकवता येण्याजोगे शास्त्र आहे, ही कल्पना ज्याच्या नावाशी निगडित आहे तो जेम्स ब्रेडवुड हा एडिनबराचा रहिवासी. १८२४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तेथील नव्याने स्थापन झालेल्या दलाचा तो प्रमुख झाला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात शहराचा जुना भाग मोठ्या आगीत सापडल्यामुळे त्याला कामाचा पहिला धडा फार महागात मिळाला. त्याने दलात कौलारू छपरे बसवणारे, सुतार, गवंडी, लोहार आणि नळकाम करणारे असे कारागीर भरती केले, कारण इमारत कशी बांधली जाते हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती कोठून कोसळेल याचा अंदाज येतो, असे त्याचे म्हणणे होते. या माणसांकडून तो पहाटेच्या अंधारात कवायती करून घेई. लांबून खिडकीवर पाण्याचा फवारा मारण्यापेक्षा इमारतीत शिरून आगीच्या मुळापर्यंत पोहोचावे, ही त्याची पद्धत होती, आणि १८३० मध्ये त्याने बंबांची रचना व अग्निशामकांचे शिक्षण या विषयावर पुस्तकही प्रसिद्ध केले. १८३३ मध्ये लंडनच्या विमा कंपन्यांनी आपली पथके एकत्र करून त्याला प्रमुखपदी नेले. टेम्स नदीकाठच्या प्रचंड गुदामांमध्ये आग लागली तर ती आवरता येणार नाही, हे तो अधिकाऱ्यांना लेखी कळवत राहिला. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरील अशाच गुदामांच्या आगीत भिंत अंगावर कोसळून त्याचा मृत्यू झाला. ताग, कापूस, चरबी, साखर अशा मालाने भरलेल्या त्या गुदामांतील लोखंडी अग्निरोधक दारे उघडी राहिली होती, असे तेव्हा सांगितले गेले. युरोपातील सर्वांत जाणत्या अग्निशमन अधिकाऱ्याला ती दारे बंद ठेवायला भाग पाडण्याचा अधिकार नव्हता. आधुनिक अग्निप्रतिबंधाच्या इतिहासाची सुरुवात कोठून धरावी असा प्रश्न आला, तर ती या घटनेपासून धरणे योग्य ठरेल. त्याच्यामागून आलेल्या आयर मॅसी शॉ याने कारागिरांऐवजी खलाशांना पसंती दिली, कारण त्यांना उंचीची आणि दोरखंडाची सवय असते, शिवाय रात्री-अपरात्री हुकूम पाळण्याचीही. एकाने इमारत जाणणारा माणूस निवडला आणि दुसऱ्याने हुकूम मानणारा. या दोन निवडींपैकी दुसरी साम्राज्यभर अधिक रुजली.

मुंबईला आगीचा मोठा धडा त्याआधीच मिळाला होता. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी किल्ल्याच्या आतील बाजारात लागलेल्या आगीने तटबंदीच्या आतील वस्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाक केला आणि ती आणखी पसरू नये म्हणून तोफा डागून घरे पाडावी लागली. त्यानंतर किल्ल्याभोवतीचे मोकळे मैदान वाढवण्यात आले आणि वस्ती तटाबाहेर सरकू लागली, म्हणजे शहराची रचनाच बदलण्याइतका प्रतिबंधाचा विचार झाला. मात्र तो नगररचनाकारांचा आणि लष्कराचा विचार होता. आग विझवणाऱ्यांची स्वतंत्र जात तेव्हा अस्तित्वात नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घोड्यांनी ओढायचे बंब पोलिसांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले आणि पोलिसांनी आपल्या इतर कामांतून सवड काढून ते चालवावेत अशी व्यवस्था झाली. १ एप्रिल १८८७ रोजी मुंबईचे अग्निशमन दल रीतसर स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षीच्या महापालिका कायद्याने ते चालवणे हे नगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य ठरवले. १८९० मध्ये लंडनच्या दलातील डब्ल्यू. निकोल्स यांना प्रमुख म्हणून आणण्यात आले आणि त्यांच्याबरोबर लंडनची शिस्त, कवायत आणि हुद्द्यांची उतरंड मुंबईत आली. १९०७ मध्ये पहिला मोटारबंब दाखल झाला, तेव्हापासून घोड्यांचे तबेले हळूहळू मोटारींच्या गाळ्यांमध्ये रूपांतरित होऊ लागले.

या काळातील शिक्षण म्हणजे अग्निशमन केंद्रातील रोजची कवायत. होज, म्हणजे पाणी वाहून नेणारी कापडी नळी, कशी उलगडावी व गुंडाळावी, शिडी कशी लावावी व तिच्यावरून बेशुद्ध माणूस खांद्यावर घेऊन कसे उतरावे, कोणती गाठ कोठे मारावी, हे सारे अंगवळणी पडेपर्यंत करून घेतले जाई. चार-पाच जवानांच्या म्होरक्याला मुंबई-पुण्याच्या दलांत तांडेल म्हणत, आणि हा शब्द आजही त्या हुद्द्यासाठी वापरला जातो; समुद्राशी नाते सांगणाऱ्या शहरात खलाशांच्या टोळीप्रमुखाचे नाव बंबावर चढले, यात नवल नाही. तांडेलाच्या हाताखाली शिकलेला जवान उत्तम कामगार होई, परंतु आग कोणत्या रसायनाची आहे, इमारतीचे तुळई-खांब किती वेळ तग धरतील, पाणी मारणे योग्य की अयोग्य, हे ठरवण्याचे शिक्षण त्याला मिळत नसे, कारण ते ठरवणे हे त्याचे काम मानलेच जात नव्हते. ठरवणारे अधिकारी बाहेरून येत. १९४८ मध्ये एम. जी. प्रधान हे मुंबई दलाचे पहिले भारतीय प्रमुख होईपर्यंत, म्हणजे दलाच्या स्थापनेपासून साठहून अधिक वर्षे, ही परिस्थिती कायम होती. वसाहतीच्या राज्यात पोलीस, रेल्वे आणि लष्कर यांमध्ये जे घडत होते, तेच येथेही घडले, म्हणून त्याचे विशेष वाटू नये. पण एका दुपारी त्याची किंमत मोजावी लागली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यांच्या आगी विझवताना निरनिराळ्या गावांचे बंब एकत्र आले, तेव्हा त्यांच्या होजची टोके एकमेकांना जुळत नाहीत आणि अधिकाऱ्यांचे हुकूमही जुळत नाहीत, हे उघड झाले. १९४१ मध्ये तेथील सर्व दले राष्ट्रीय सेवेत विलीन करण्यात आली, त्याच वर्षी ब्रायटनजवळ साल्टडीन येथे अधिकाऱ्यांसाठी महाविद्यालय उघडले आणि १९४३ पासून सरकारने अग्निशमनाची संहिता भागाभागांनी छापण्यास सुरुवात केली. तत्पूर्वीच, १९१८ मध्ये स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ फायर इंजिनिअर्स ही व्यावसायिक संस्था परीक्षा घेत होती आणि पुढे अनेक भारतीय अधिकाऱ्यांच्या नावापुढे तिच्या पदव्या दिसू लागल्या. भारतात मात्र या काळात अधिकाऱ्यांसाठी एकही केंद्रीय संस्था नव्हती.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे मालवाहू जहाज उभे होते. बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे आलेल्या या जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके व दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, वंगणतेल, इमारती लाकूड आणि सोन्याच्या विटा असा माल एकत्र भरलेला होता. दोन क्रमांकाच्या खणात तळाशी कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके होती. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा जहाजावर नव्हता, कारण युद्धकाळात अशा खुणा शत्रूला माहिती पुरवतील असे मानले जात होते. दुपारी जेवणानंतर कामावर परतलेल्या माथाडींना खणातून धूर येताना दिसला. कापसाच्या दाबून बांधलेल्या गासडीत हवा कोंडलेली असते, त्यामुळे ती ज्वाळा न दाखवता आतल्या आत धुमसत राहते आणि वरून कितीही पाणी ओतले तरी तिच्या गाभ्यापर्यंत ते पोचत नाही. नऊशे टनांहून अधिक पाणी जहाजात पंपाने ओतले गेले. खणात पाण्याची पातळी चढत गेली तसतसा जळता कापूसही तरंगत वर, स्फोटकांच्या दिशेने, चढत गेला; म्हणजे जो उपाय चालला होता तोच अपायाला जवळ आणत होता. हे ओळखण्यासाठी धैर्य पुरेसे नव्हते, त्याला कापसाचे, जहाजाच्या रचनेचे आणि स्फोटकांचे ज्ञान एकाच डोक्यात असणे आवश्यक होते.

त्याहूनही मोठी अडचण अधिकाराची होती. लष्कराच्या दारूगोळा विभागाचे कॅप्टन ओबर्स्ट यांनी स्फोटकांची यादी पाहून जहाज तळाशी बुडवावे असा सल्ला दिला. गोदीतील पाणी पुरेसे खोल नसल्यामुळे ते बुडूनही खण पाण्याखाली जाणार नाही, अशी शंका निघाली. जहाज टगबोटीने ओढून बंदराबाहेर न्यावे असाही विचार पुढे आला. पण त्याची यंत्रे दुरुस्तीसाठी उघडलेली असल्याने ते स्वतःच्या बळावर हलू शकत नव्हते आणि बाहेर नेताना पाण्याचे फवारे थांबवावे लागले असते. जहाजाचा कप्तान, गोदीचे व्यवस्थापन, लष्करी अधिकारी आणि दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स हे सारे धक्क्यावर उपस्थित होते, आणि त्यांपैकी प्रत्येकाकडे निर्णयाचा एकेक तुकडा होता. पूर्ण निर्णय कोणाकडेच नव्हता. चारच्या सुमारास, ४ वाजून ६ मिनिटांनी, पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावरही हादऱ्याची नोंद झाली. मृतांची संख्या ८०० पासून १३०० पर्यंत निरनिराळ्या अंदाजांत सांगितली जाते; त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण होते. कूम्ब्स जखमी अवस्थेत वाचले. ते ६६ जण शेवटपर्यंत होज हातात धरून उभे राहिले, ही गोष्ट दरवर्षी १४ एप्रिलपासून पाळल्या जाणाऱ्या अग्निशमन सेवा सप्ताहात आदराने सांगितली जाते आणि तसे सांगणे योग्यच आहे. परंतु शौर्याच्या या स्मरणाखाली दुसरी गोष्ट झाकली जाते. त्यांना दीडएक तास चुकीच्या जागी उभे ठेवले गेले, आणि मागे फिरा असे सांगण्याची ज्याची जबाबदारी होती असा माणूस त्या धक्क्यावर नेमलेलाच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर केंद्रीय गृहमंत्रालयाने १९५५ मध्ये स्थायी अग्निशमन सल्लागार समिती नेमली. देशातील दलांची साधने, हुद्दे, गणवेश आणि शिक्षण यांत एकसारखेपणा यावा यासाठी राज्यांच्या व केंद्राच्या प्रतिनिधींची ही समिती होती, आणि पुढे तिचे रूपांतर परिषदेत झाले. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले आणि १९५७ मध्ये ते नागपूरला हलवण्यात आले. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने सर्व राज्यांतून अधिकारी पाठवणे सोयीचे होते. २९ एप्रिल १९५७ रोजी नागपुरातच केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था स्थापन झाली, जी १९६८ पासून राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय या नावाने ओळखली गेली. अशा रीतीने एकाच दशकात विदर्भातील हे शहर देशाच्या आपत्तिविषयक शिक्षणाचे केंद्र बनले. संत्री आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन यांच्या पलीकडे नागपूरची ही ओळख महाराष्ट्रात पुरेशी परिचित नाही.

नागपूरच्या अभ्यासक्रमांत सब-ऑफिसर, स्टेशन ऑफिसर व प्रशिक्षक आणि डिव्हिजनल ऑफिसर अशा पायऱ्या ठेवण्यात आल्या. केंद्रातल्या कवायतीपेक्षा येथील शिक्षण वेगळे होते ते मुख्यतः कारणे समजावून देण्यात. विहिरीतून किंवा तलावातून पाणी खेचताना पंप पाणी ओढत नाही, तर हवेचा दाब ते वर ढकलतो, म्हणून समुद्रसपाटीवर सिद्धान्ततः सुमारे १०.३ मीटर आणि प्रत्यक्षात सात-आठ मीटरपलीकडे ते चढत नाही. मग बंब कितीही ताकदवान असला तरी अधिकाऱ्याने तो कोठे उभा करायचा हे या आकड्यावरून ठरते. पाण्याची वाफ होताना ती सुमारे १७०० पट जागा व्यापते. बंद खोलीत योग्य प्रमाणात मारलेला तुषार आग गुदमरवतो आणि चुकीच्या प्रमाणात मारलेला तुषार आत शिरलेल्या जवानाला भाजून काढतो. जळणाऱ्या तेलावर, विजेच्या साधनांवर आणि काही धातूंवर पाणी का चालत नाही, कापूस आणि कोळसा विझल्यानंतरही पहारा का ठेवावा लागतो, श्वसनयंत्रातील हवा किती मिनिटे पुरेल आणि परतीसाठी त्यातली किती राखून ठेवायची, या गोष्टी अधिकाऱ्याने सूत्रांनिशी शिकायच्या होत्या. पुढे नागपूर विद्यापीठाशी संलग्न अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही येथे दिली जाऊ लागली आणि त्यामुळे तांडेलापासून चढत आलेल्या अधिकाऱ्याबरोबर अभियंता म्हणून आलेला अधिकारी उभा राहिला. २००२ मध्ये नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी या महाविद्यालयात प्रवेश घेतला, आणि तेथून पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. तोपर्यंत जवळजवळ अर्धशतक ही संस्था केवळ पुरुषांची राहिली होती.

तांत्रिक शिक्षणाची बाजू अशी भक्कम होत असताना नेतृत्वाचे शिक्षण मात्र बराच काळ कवायतीच्या मैदानावरील हुकमापुरते मर्यादित राहिले. घटनास्थळी पोहोचल्यावर पहिल्या काही मिनिटांत परिस्थितीचा अंदाज घेणे, मदतीची मागणी वेळेवर करणे, माणसांची विभागणी करणे, पोलीस, वीजमंडळ, रुग्णवाहिका आणि महापालिकेचे अभियंते यांच्यात एकच सूत्रचालक ठरवणे, आणि वेळ आली तर माणसे मागे घेणे, ही कौशल्ये शिकवता येतात ही जाणीव जगभरच उशिरा आली. अमेरिकेत १९७० मधील कॅलिफोर्नियाच्या वणव्यांत अनेक संस्थांची पथके एकाच डोंगरावर एकमेकांच्या हुकमाबाहेर लढली, तेव्हा त्या अनुभवातून घटनास्थळीच्या नियंत्रणाची एक ठरीव पद्धत तयार झाली. तिच्याच धर्तीवर भारताच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जुलै २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. व्हिक्टोरिया गोदीतील स्फोटाला तेव्हा सहासष्ट वर्षे उलटली होती.

प्रतिबंधाकडे अधिकाऱ्यांचे शिक्षण वळले ते उंच इमारतींमुळे. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि तिच्या चौथ्या भागात जिने, बाहेर पडण्याच्या वाटा, पाण्याच्या टाक्या, उभे नळ आणि स्वयंचलित फवारे यांची मापे दिली गेली. संहितेप्रमाणे १५ मीटर व त्यावरील इमारत उंच मानली जाते. शिडी जेथपर्यंत पोहोचते त्याच्या वर माणसे राहू लागली, की आग विझवण्याची निम्मी यंत्रणा इमारतीतच बांधून ठेवावी लागते, आणि ती बांधली आहे की नाही हे तपासणारा अधिकारी नकाशा वाचणारा असावा लागतो. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी वाहनतळावरील ट्रान्सफॉर्मरला लागलेल्या आगीचा धूर वर चढून बाल्कनीत ५९ प्रेक्षक गुदमरून मेले. जादा खुर्च्या टाकून बाहेर पडण्याची वाट अडवलेली होती. त्या खुर्च्या आग लागण्याच्या कितीतरी आधी दिसत होत्या आणि त्या हलवण्यासाठी बंबाची गरज नव्हती.

महाराष्ट्राने या दिशेने केलेली तरतूद म्हणजे २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, जो ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी या कायद्याने मालक व भोगवटादार यांच्यावर टाकली, परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, तसे प्रमाणपत्र देण्याची अट घातली आणि अग्निशमन प्रमुखाला तपासणीचा, नोटिशीचा आणि धोका तातडीचा असल्यास इमारत रिकामी करण्याचा, तिचे पाणी व वीज तोडायला लावण्याचा अधिकार दिला. कौटिल्याच्या नागरिकाकडे जो अधिकार होता तो एवढ्या काळाने पुन्हा अग्निशमन अधिकाऱ्याच्या हाती आला, आणि या वेळी त्याच्यासाठी पाठ्यक्रमही होता. सांताक्रूझ येथील राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात अग्निशामकांच्या सहामाही शिक्षणाबरोबर उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी असा जोडनावाचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालवला जातो. एकाच उमेदवाराने विझवणे आणि अडवणे ही दोन्ही कामे शिकावीत, हा विचार त्या जोडणीमागे आहे आणि तो योग्य आहे.

तरीही या व्यवस्थेत दोन भेगा राहिल्या आहेत. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नागरी संस्थांच्या कामांमध्ये टाकली असल्यामुळे शहरांतील प्रमुख अग्निशमन अधिकारी हा महापालिकेचा कर्मचारी असतो, आणि ज्या प्रशासनाने इमारतीला बांधकाम परवानगी दिली त्याच प्रशासनात राहून त्याने तिच्यावर बोट ठेवायचे असते. कायद्याने दिलेला अधिकार आणि खात्यातील जागा यांचे हे वैर शिक्षणाने पुरते मिटणारे नाही. दुसरी भेग यंत्रणेच्या खासगीकरणाची आहे: सहा महिन्यांचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्था देते, तिचे शुल्क तपासून घेणारा मालकच भरतो, आणि अधिकाऱ्याच्या हाती अनेकदा कागदच पोहोचतो.

९ मे २०१५ रोजी मुंबईतील काळबादेवी येथील एका जुन्या इमारतीची आग विझवताना इमारत कोसळून मुंबई दलाचे चार अधिकारी प्राणास मुकले. त्यांत मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि उपमुख्य अधिकारी सुधीर अमीन होते. दलाचे इतके वरिष्ठ अधिकारी एकाच वेळी एकाच इमारतीच्या पडछायेत असणे याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. आपल्या माणसांना पुढे पाठवून स्वतः मागे न राहणारे प्रमुख, असा एक अर्थ आहे, आणि दलातील लोक तोच सांगतात. लाकडी तुळयांची इमारत किती मिनिटे जळल्यावर बाहेर पडायचे, आणि प्रमुखाने नियंत्रणासाठी कोठे उभे राहायचे, हे ठरवून देणारी शिस्त शिक्षणात पुरेशी रुजलेली नव्हती, असा दुसरा अर्थ आहे; तो बोलून दाखवणे कठीण असले तरी प्रशिक्षण देणाऱ्यांनी त्याकडेच पाहिले पाहिजे. इमारत कोठून पडेल हे जाणणारा माणूस दलात घेण्याचा ब्रेडवुडचा आग्रह मुंबईच्या जुन्या वस्त्यांना आजही लागू आहे, कारण तेथील चाळी व वाडे लाकूड, चुना आणि वीट यांनी उभे आहेत आणि संहितेतील मापे त्यांच्यासाठी लिहिलेली नाहीत.

भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा अर्भकांचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारमधील रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातही रुग्णांचा बळी गेला. या ठिकाणी बंब वेळेवर पोहोचले की नाही हा प्रश्न दुय्यम आहे, कारण स्वतः हालचाल करू न शकणाऱ्या रुग्णांच्या खोलीत आग एकदा भडकली की उपाय फार थोडे उरतात. तेथे काम करायचे ते महिनोन्‌महिने आधी, तपासणीची वही हातात घेऊन फिरणाऱ्या अधिकाऱ्याने. अशा अधिकाऱ्याची पदे भरणे, त्याला विद्युतजोडणी, ऑक्सिजनवाहिन्या आणि वातानुकूलन यांचे विशेष शिक्षण देणे आणि त्याने दिलेली नोटीस वरिष्ठांनी मागे न घेणे, ही तीन कामे राज्यातील नगरपालिकांनी व महापालिकांनी आता करायची आहेत. वाचकाच्या हातीही यातील एक गोष्ट आहे: आपण राहतो त्या इमारतीचे जानेवारीचे आणि जुलैचे प्रमाणपत्र सोसायटीच्या चिटणिसाकडे पाहायला मागावे, आणि ते दाखवले गेले तर जिन्यातील होज रीलची झडप एकदा फिरवून त्यातून पाणी येते का तेही पाहावे.